तवसं

बोस्त्यांवच्या टॅक्सीची मागची डावी काच
वर जाते, चार बोटं उरली की थबकते
आणि हात भाजल्यासारखी खाली येते.
"भूत रिगलां तिका," तो म्हणतो.
कुडचड्यात माझ्या पत्र्याखाली
असली भुतं आठवड्याला दोन तरी येतात.

भूत नाही रे. दाराच्या पोटात मोटर आहे,
तिच्या आसावर चुंबक, चुंबकासमोर एक राखणदार
तिळाएवढा. तो फेऱ्या मोजतो.
आंधळा आहे. बोट काय, लाकूड काय,
त्याला काहीच दिसत नाही.
फेरी जरा जड झाली एवढंच कळतं
आणि तेवढ्यावर माघार घेतो.
कोण, कुठलं, विचारत बसत नाही.

तुझ्या काचेच्या रबरात खाणीची तांबडी माती बसलीय,
तिच्यावर कोलव्याची रेती.
म्हणून रोज त्याला वाटतं, कुणाचं तरी बोट आहे.

"मग काढून टाक त्याला," बोस्त्यांव म्हणाला.
"नाहीतरी मी बटण ओढून धरतो. मग जाते गप."

ही वाट कंपनीनेच ठेवलीय.
दोनदा परतली, तिसऱ्यांदा ओढून धरलं
की राखणदार तोंड फिरवतो.
"कधीपासून धरतोस?"
"सांजांवापासून."
"मागे कोण बसतं?"

त्याने मान वळवली.
सीटवर गुलाबी झाकणाची बाटली,
काचेला आतून चिकटवलेलं बदक,
वर-खाली होऊन होऊन अर्धं सोललेलं.
"नात. इवॅना. बालवाडीत सोडतो."

मी काही बोललो नाही.
घनूला म्हटलं, जा, शेवंतीकडून एक तवसं आण,
कोवळं बघून.
काच खाली घेतली, तवसं चौकटीत आडवं धरलं.
"ओढ बटण. आणि सोडू नको."

आवाज फार झाला नाही.
कच्च.
अर्धं तवसं रस्त्यावर,
अर्धं माझ्या हातात, पाणी मनगटावरून कोपरापर्यंत.
काच वर, घट्ट.
बोस्त्यांवचं बोट अजून बटणावरच होतं.
तो त्याच्याकडे बघत राहिला,
दुसऱ्या कुणाचं असावं तसा.

मग दार उघडलं, खोबण खरवडली.
निघाली मूठभर माती, रेती, एक टिकली,
फेरीबोटीच्या तिकिटाचा लगदा.
रबर पुसलं, तेल नाही, पावडर मारली.
काच पूर्ण खाली, पाच मोजायचे;
पूर्ण वर, पाच मोजायचे.
राखणदार आपलं घर असं नव्याने मापून घेतो.

आणि शेवटी बोट घातलं. माझं.
मधलं, एका पेराने आखूड.
खाणीचे ट्रक रात्रंदिवस धावायचे तेव्हा
सोळाव्या वर्षी क्लीनर होतो,
मागची फळी आपटली.
फळीला मोजता येत नव्हतं.
ड्रायव्हरला येत होतं, पण तो खेपा मोजत होता.
चाचणीला मी तेच बोट वापरतो.
त्याचं जे जायचं ते जाऊन चुकलंय.

काच आली,
कोंबडीच्या पिल्लाने चोच लावावी तशी लागली,
आणि परत गेली, वीतभर, निमूट.

साडेतीनशे झाले. त्याने दिले,
पण गाडीत बसेना.
रस्त्यावरचा तुकडा उचलला, नळाखाली धुतला.
"मीठ आसा?"
डब्यात होतं, थोडं तिखटही.
दोघे उभ्यानेच खात होतो,
रेल्वे फाटक पडलं होतं, हॉर्न वाजत होते.
तो म्हणाला, कोवळं आहे हं,
आणि पुढे काही बोलायचं होतं ते गिळलं.

घनू मात्र उरलेलं देठ
काचेत धरून पुन्हा पुन्हा बघत राहिला.
येते. लागते.
परतते.